उन्हाळ्यात झणझण, पावसाळ्यात उंच तारा : मराठवाड्यात गिटारची ॲक्शन दरवर्षी का बिघडते?

ॲक्शन म्हणजे तारा फ्रेटपासून किती उंच आहेत ते. एप्रिल लागला की तक्रार ठरलेली असते. गिटार झणझणायला लागली, तिसऱ्या-चौथ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) आवाज घुसमटतो, नेकवरून म्हणजे दांड्यावरून हात फिरवला की फ्रेटची टोकं बोटाला लागतात. हीच गिटार आधीच्या पावसाळ्यात ‘तारा फार उंच आहेत, बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) लागत नाही’ म्हणून कुणाला तरी दाखवलेली असते. तेव्हा त्या माणसाने सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती बारीक पट्टी) घासून तारा खाली आणलेल्या असतात. महिना-दोन महिने बरे जातात आणि उन्हाळ्यात पुन्हा तेच, या वेळी आणखी वाईट.

दुकानदार म्हणतो, ‘स्वस्तातली आहे, असंच चालायचं.’ पालक म्हणतात, ‘नाव अमेरिकेचं अन् माल चीनचा.’ या दोन्ही उत्तरांमुळे चांगल्या गिटारी कपाटावर जाऊन पडतात आणि शिकणारं पोरगं सहा महिन्यांत वाजवणं सोडतं. गिटार शिकवताना आणि मुलांच्या गिटारी लावून देताना हे मी पुन्हा पुन्हा बघतो, म्हणून सविस्तर लिहितोय. बहुतेक वेळा दोष गिटारचा नसतो. आपल्याकडची हवा वर्षात दोनदा टोक बदलते, आणि एका टोकाला केलेली कायमची कापाकापी दुसऱ्या टोकाला नडते.

या गिटारी बनतात कुठे, हे आधी थोडक्यात. गिब्सनने १९५७ साली एपिफोन विकत घेतली आणि हळूहळू ते नाव परवडणाऱ्या गिटारींसाठी वापरलं. आज एपिफोनच्या स्वस्त अकूस्टिक चीन आणि इंडोनेशियात तयार होतात. फेंडरने १९६५ मध्ये तारा बनवणारी स्क्वायर ही कंपनी घेतली आणि १९८२ मध्ये जपानमध्ये बनलेल्या गिटारींवर ते नाव टाकलं. मार्टिनने १९७० मध्ये सिग्मा सुरू केली, तीही आधी जपानमध्येच. २००७ मध्ये मार्टिनने ती सोडली आणि आता ते नाव एका जर्मन कंपनीकडे आहे. मार्टिनची स्वतःच्या नावाची स्वस्त एक्स मालिका मेक्सिकोतल्या नवोहोआ गावात बनते. म्हणजे ‘बाहेर बनलेली दुय्यम ब्रँडची गिटार’ ही काही फसवणूक नव्हे, पन्नासहून अधिक वर्षं उघडपणे चाललेला व्यवहार आहे. आणि यांतल्या बऱ्याच गिटारी नीट लावल्या तर उत्तम वाजतात.

आता हवेचं बघू. लाकडी गिटारसाठी बहुतेक कंपन्या ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात, कारण कारखान्यात लाकूड साधारण तेवढ्याच हवेत ठेवून जोडलेलं असतं. तिथून गिटार मुंबईच्या बंदरात उतरते, भिवंडीच्या एखाद्या गोदामात दमट हवा खाते आणि मे महिन्यात कुरिअरने लातूरला, परभणीला किंवा जालन्याला पोचते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, कधी त्याच्याही खाली. पावसाळ्यात झड लागली की हीच ८०-९० टक्क्यांवर जाते. त्यातही मराठवाड्याचा पावसाळा सलग नाही. ऑगस्टमध्ये पंधरा-पंधरा दिवस उघडीप पडते आणि परत झड लागते.

लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, रुंदीत बदलतं. ड्रेडनॉट (मोठ्या अंगाच्या) गिटारचा टॉप, म्हणजे पुढची फळी, खालच्या भागात जवळपास ४० सेंटिमीटर रुंद असतो. तेवढ्या रुंदीची मोकळी, पॉलिश न केलेली स्प्रूस लाकडाची फळी आपल्या उन्हाळा-पावसाळ्यात ४-५ मिलिमीटर तरी आक्रसली-फुगली असती. गिटारमध्ये ती कडेने आणि आतल्या पट्ट्यांनी जखडलेली असते, त्यामुळे हा बदल वर-खाली होऊन बाहेर पडतो. पाणी पिऊन टॉप फुगला की ब्रिज (टॉपवर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी) वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. वाळला की टॉप बसतो, ब्रिज खाली जातो, तारा फ्रेटला घासतात. पखवाज पावसाळ्यात उतरतो अन् उन्हाळ्यात चढतो, हे भजनी मंडळातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि त्यासाठी कुणी पखवाजाला शिव्या देत नाही. गिटारलाही तेवढी समज दाखवायला हवी.

आधी तुमची गिटार कोणत्या लाकडाची आहे ते बघा

लेबलवर ‘सॉलिड स्प्रूस टॉप’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच टॉप अखंड लाकडाचा. ‘सिलेक्ट स्प्रूस’ किंवा नुसतं ‘स्प्रूस टॉप’ म्हणजे बहुधा प्लाय, वर स्प्रूसचा पातळ थर. खात्री करायची तर साउंडहोलच्या (मधल्या गोल भोकाच्या) कडेवर मोबाइलचा टॉर्च मारा. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरलेल्या दिसल्या तर अखंड. कडेत तीन थर एकावर एक दिसले तर प्लाय. उदाहरणच द्यायचं तर फेंडरच्या सीडी-६०एस ला सॉलिड टॉप आहे आणि एफए-१२५ ला लॅमिनेटेड. किमतीत फार अंतर नसतं, पण हवेला दोन्हींचं वागणं वेगळं.

प्लायचा टॉप कमी हलतो. म्हणून तक्रार पूर्ण जात नाही, कारण नेक आणि फ्रेटबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली फळी) लाकडाचेच असतात. प्लायच्या गिटारमध्ये बिघाड नेकच्या वाकात आणि फ्रेटच्या टोकांत दिसतो, सॉलिडमध्ये टॉपमध्येही. माझं मत विचाराल तर ज्या घरी दिवसभर कुलूप असतं, वर पत्रा आहे आणि गिटारकडे कुणी आठवड्यातून एकदाच बघणार आहे, तिथे प्लाय टॉपच घ्यावा. त्यात कमीपणा काहीच नाही. सॉलिड टॉपचा आवाज नक्कीच मोकळा असतो, पण त्याची रोज काळजी घ्यावी लागते.

फ्रेटबोर्डबद्दल थोडं विषयांतर. २०१७ मध्ये शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले तेव्हा अनेक कंपन्यांनी फ्रेटबोर्डसाठी दुसरी लाकडं धरली. एपिफोन जे ‘इंडियन लॉरेल’ वापरते तो आपल्या सह्याद्रीतला ऐन. चांगलं कठीण लाकूड आहे, शिसवापेक्षा रंगाला फिकं. उन्हाळ्यात कोरडं, पांढुरकं दिसलं म्हणून घाबरू नका.

बिघाड नेमका कुठे आहे

मोजल्याशिवाय काहीच फिरवू नका, काहीच घासू नका. मोजायला दोन वस्तू लागतात. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी आणि फिलर गेज. फिलर गेज कोणत्याही टू-व्हीलर मेकॅनिककडे असतो, टॅपेट सेट करायला तो तेच वापरतो. ऑटो स्पेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो.

गिटार नेहमीच्या सुरात लावा. तारा सैल असताना घेतलेलं माप काही कामाचं नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी म्हणजे सगळ्यांत जाड तार चौदाव्या फ्रेटवर बोटाने दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर म्हणजे नेक ठीक आहे. फट शून्य असेल तर नेक फार सरळ झाला किंवा मागे गेला. ०.४-०.५ च्या पुढे असेल तर फार पुढे वाकला. मग कॅपो काढा आणि बाराव्या फ्रेटवर ॲक्शन मोजा. जाड तारेखाली २.४ ते २.८ आणि पातळ तारेखाली १.८ ते २.२ मिलिमीटर, एवढं बहुतेकांच्या हाताला जमतं.

तिसरी तपासणी लोक करत नाहीत आणि तीच सगळ्यांत बोलकी आहे. स्टीलची पट्टी ब्रिजच्या मागे टॉपवर आडवी उभ्या कडेने ठेवा. मधे टॉप किंचित फुगीर असतो, त्यामुळे पट्टी मधोमध टेकते आणि दोन्ही टोकांखाली थोडा उजेड दिसतो. हे नैसर्गिक आहे. पट्टी सपाट बसली, किंवा उलट मधेच फट दिसली, तर गिटार तहानलेली आहे. पट्टी फारच डुलत असेल तर ती पाणी प्यायली आहे. प्लायमध्ये हा फरक कमी दिसतो.

गेल्या उन्हाळ्यात उदगीरकडचा एक मुलगा सॉलिड टॉपची गिटार घेऊन आला. आधीच्या ऑगस्टमध्ये तिचा सॅडल घासलेला होता. ब्रिजच्या वर तो इतका कमी उरला होता की तारा ब्रिजवरून जवळजवळ आडव्याच जात होत्या. जाड तारेखाली बाराव्या फ्रेटला १.६ मिलिमीटर. पट्टी ठेवली तर मधे फट. नेक मात्र उत्तम होता. ‘सर, ट्रस रॉड फिरवू का?’ हा त्याचा पहिला प्रश्न. ट्रस रॉडचा, म्हणजे नेकमधल्या सळईचा, इथे काही संबंधच नव्हता. गिटार बंद केसमध्ये ओलाव्यासह ठेवली तेव्हा टॉप परत बराच वर आला, पण घासलेला सॅडल काही परत वाढत नाही. नवा घालावा लागला.

झणझण नेमकी कुठे आहे त्यावरूनही कळतं. मोकळी तार वाजवली तरच आवाज येतो आणि पहिल्या फ्रेटला दाबली की जातो, तर नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल झाली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर येत असेल तर नेकचा वाक कमी आहे. पाचव्यापासून वर सगळीकडे असेल तर टॉप बसला आहे किंवा सॅडल बुटका आहे. एकाच फ्रेटवर असेल तर पुढचा फ्रेट उचलला गेला आहे, त्यात हवेला दोष देऊ नका. आणि तार दाबण्याशी संबंध नसताना एखाद्या सुराला आतून खरखर येत असेल तर ट्यूनरचे (तार पिळायच्या खुंट्यांचे) धातूचे नट आवळून बघा. तरीही येत असेल तर आतली पट्टी सुटलेली असू शकते.

ट्रस रॉड

ट्रस रॉड नेकचा वाक ठरवण्यासाठी असतो, तारांची उंची ठरवण्यासाठी नाही. फट ०.२-०.३ मध्ये असेल तर त्याला हात लावायचा नाही, ॲक्शन काहीही असो. एपिफोनला नटच्या मागे, हेडस्टॉकवरच्या (खुंट्या असलेल्या टोकावरच्या) छोट्या झाकणाखाली तो असतो. बऱ्याच इतर गिटारींना साउंडहोलमधून आत हात घालावा लागतो. बरोबर मापाची ॲलन की वापरा. सैल बसणारी की घातली तर खाच गोल होते आणि मग ते काम महागात जातं. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की नेक सरळ होतो, उलट फिरवलं की वाक वाढतो. एका वेळी पाव आट्याच्या वर नाही. परत सुरात लावा, मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. जोर लागायला लागला तर थांबा.

हवा बदलल्यावर नेक कोणत्या बाजूला जाईल हे सगळ्या गिटारींना एकसारखं नसतं. म्हणून ‘उन्हाळ्यात सैल करायचा, पावसाळ्यात आवळायचा’ असला नियम डोक्यात धरू नका, माप सांगेल तसं करा.

सॅडल: एक नाही, दोन ठेवा

या सगळ्या लेखातलं हे मुख्य काम. पावसाळ्यात तारा उंच झाल्या म्हणून मूळ सॅडल घासू नका. मूळ सॅडल तसाच राहू द्या, तो तुमचा उन्हाळ्याचा सॅडल. पावसाळ्यासाठी दुसरा विकत घ्या आणि तो घासा. थंड देशांतले गिटार बनवणारे कारागीर हिवाळा आणि उन्हाळा असे दोन सॅडल ठेवायची पद्धत फार जुन्या काळापासून सांगत आलेत. आपल्याकडे ऋतू वेगळे, पण गरज तीच, किंबहुना जास्त.

कोरा सॅडल प्लास्टिकचा अगदी स्वस्त, हाडाचा थोडा महाग. घेताना खाचेची रुंदी मोजून घ्या. स्वस्त गिटारींना बहुधा ३ मिलिमीटर असते, पण २.८ चीही दिसते, आणि सैल सॅडल पुढे कलतो. मूळ सॅडल शेजारी ठेवून वरची गोलाई तशीच आखा. किती घासायचा त्याचा हिशेब सोपा आहे. बाराव्या फ्रेटला अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल एक मिलिमीटर कमी करावा लागतो. पेन्सिलने खाली रेघ ओढा, जाड काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर सॅंडपेपर चिकटवा आणि सॅडल उभा धरून खालची बाजू घासा. वरची बाजू घासायची नाही. रेघेच्या थोडं अलीकडे थांबा, लावून बघा, मग पुढे. पिकअप (तारांचा आवाज स्पीकरला पोचवणारी पट्टी) असलेली गिटार असेल तर तळ अगदी सपाट हवा, कारण खाली पिकअपची पट्टी असते. तळ वाकडा झाला की एखादी तार स्पीकरमध्ये ऐकूच येत नाही.

बदलायचे कधी? पहिला पाऊस पडला म्हणून लगेच नको. टॉपला फुगायला दिवस लागतात. ॲक्शन मोजत राहा. जून संपेपर्यंत ती वर जाऊन स्थिर झाली की पावसाळी सॅडल टाका. ऑक्टोबर हीटमध्ये मूळ सॅडल परत. ऑगस्टच्या उघडिपीत बदलाबदली करत बसू नका.

फ्रेटच्या टोकांचं मात्र उलटं. ती वाढलेली नसतात, लाकूड आक्रसल्यामुळे बाहेर आलेली असतात. ती घासायची तर ऐन उन्हाळ्यातच, बारीक कानसीने, फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप लावून, आणि नंतर ६०० नंबरच्या पेपरने. पावसाळ्यात लाकूड फुगलं की ती थोडी आत जातील, त्याने काही बिघडत नाही. एकदा केलं की सहसा परत करावं लागत नाही.

हवा सांभाळणं

काहीशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे थोडे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा आणि मापकासोबत झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ७० दिसले तर तुमचा मापक ५ कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवून वापरा.

उन्हाळ्यात ओलाव्यासाठी झाकणाची प्लास्टिकची साबणदाणी पुरते. तिला भोकं पाडा, आत स्पंज भिजवून घट्ट पिळून ठेवा. पाणी ठिबकता कामा नये. एक डबी हेडस्टॉकपाशी, एक साउंडहोलजवळ, आणि केस बंद. विकत मिळणाऱ्या ह्युमिडिफायरवर आठवड्यातून एकदा भिजवा असं लिहिलेलं असतं, पण आपल्या मे महिन्यात स्पंज दोन दिवसांत वाळतो. रोज बघा. कापडी गिगबॅग ओलावा धरत नाही, त्यामुळे हार्ड केस शक्य नसेल तर बॅगेतली गिटार लोखंडी कपाटात, कपड्यांच्या मधे उभी ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, ती भिंत संध्याकाळी तापलेली असते. पत्र्याखालची खोली तर नकोच.

कूलरबद्दल नीट समजून घ्या. कूलर पाणी उडवून थंडावा देतो, म्हणजे तो खोलीची आर्द्रता वाढवतो. रात्री खिडक्या बंद आणि कूलर चालू, दिवसा कूलर बंद आणि दारं उघडी. एका दिवसात गिटार दमट आणि कोरडी असे दोन्ही झटके खाते, वर तारा गंजतात. कूलरच्या खोलीत गिटार स्टँडवर उघडी ठेवू नका. वाजवून झाली की केसमध्ये.

पावसाळ्यात केसमध्ये रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलला की त्या वाळवून परत वापरता येतात. तांदूळ टाकायचा सल्ला ऐकू नका, त्याने फक्त किडे येतात. फ्रेटबोर्डला खोबरेल लावू नका, ते खवट होतं आणि खाचांत चिकटून बसतं. वर्षातून एकदा मिनरल ऑइलचे दोन-तीन थेंब कापडावर घेऊन पुसा, बस.

बंद गाडीत गिटार ठेवणं हा मराठवाड्यातला सगळ्यांत महागडा प्रकार. बाहेर ४२ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत पारा ६० च्या पुढे जातो आणि त्या उष्णतेत ब्रिजचा गोंद नरम पडतो. वर तारांचा ताण असतोच. १२ नंबरच्या तारांच्या सेटचा एकूण ताण ७० किलोच्या पुढे जातो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. आत गेला तर ब्रिज सुटायला लागला आहे. अशा वेळी तारा सैल करा आणि फेव्हिक्विक किंवा एम-सील जवळ आणू नका. ते आत गेलं की नंतर नीट चिकटवणं फार अवघड होतं. हे काम गिटार उघडून बघितलेल्या माणसाकडेच द्या. आपल्याकडे तसा माणूस सापडत नसेल तर पुण्याला पाठवण्याचा खर्च करा. टॉपला उभी चीर गेली असेल तरी तेच. आधी केसमध्ये ओलावा देऊन चीर मिटते का ते बघा, कारण मिटलेली चीर चिकटवणं सोपं असतं.

दुकानातून किंवा ऑनलाइन नवी गिटार आली की पहिल्याच दिवशी तिन्ही मापं घ्या आणि तारखेसह केसमधल्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. हवेमुळे झालेलं नुकसान बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. पण आल्याआल्या नेक पिळलेला असेल किंवा ब्रिज उचललेला असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत ती मापं आणि फोटो पाठवता येतात. नंतर एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्ये त्याच चिठ्ठीवर पुढच्या ओळी लिहा. गिटार दुसऱ्या कुणाकडे लावायला दिली तर चिठ्ठी सोबत द्या आणि मूळ सॅडल घरी काढून ठेवा.